आधी दोन नोड, हजाराचं नंतर बघू

बेटा,

मेल वाचला. नेट परीक्षा निघाली, पीएचडीचे गाईड म्हणतायत हजार नोडचं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या हजार ऑसिलेटरचं (लयीत फिरणाऱ्या गोष्टींचं) नेटवर्क घे, सिम्युलेशन चालव, वर्षात दोन पेपर, आणि तुला प्रश्न पडलाय की हे गणित आहे का नुसता लॅपटॉप तापवायचा. बरोबर पडलाय. पण मग सोबत दोन नोडचा तो ग्राफ काय पाठवलास, कपलिंग (जोडणीची ताकद) ०.९९९, वेळ १०० पर्यंत, आणि खाली लिहिलंय सिंक झालं, दोघं एका लयीत आले!

अगं आधी दोन नोड कागदावर कर ना. जपानच्या कुरामोटोने १९७५ मध्ये मांडलेलं मॉडेल, दोन ऑसिलेटरना एकच समीकरण उरतं, फेजमधला (फेऱ्यातल्या जागेतला) फरक किती वेगाने बदलतो तर फ्रिक्वेन्सीतला फरक वजा कपलिंग गुणिले त्या फेजफरकाचा साइन. फ्रिक्वेन्सीतला फरक तू १ घेतलायस, म्हणजे कपलिंग १ च्या खाली असेल तर लॉक होणं, म्हणजे फेजफरक एका जागी थांबणं, नाहीच. ०.९९९ ला फेजफरक ९० अंशांपाशी येऊन नुसता रेंगाळतो आणि मग सटकन फेरा पूर्ण करतो, एका फेऱ्याला वेळ लागतो साधारण १४०. तू १०० लाच थांबलीस, दिसणार कसं?

पेकोरा आणि कॅरोलने १९९८ मध्ये दाखवलंच आहे, एकसारखे नोड असतील तर नेटवर्क केवढंही असो, कोण कोणाला जोडलंय त्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू (तिचे स्वतःचे खास आकडे) काढ, सिंक टिकेल का हा स्थिरतेचा प्रश्न एका नोडएवढा लहान होतो. मग हजाराची घाई कशाला?

तुला वीज ग्रीडवर काम करायचंय, कर की. ३० आणि ३१ जुलै २०१२, उत्तरेचा ग्रीड लागोपाठ दोन दिवस कोसळला, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचाही, आपला पश्चिमेचा टिकला, दीपनगरचं वीजकेंद्र चालू. पण तिथे नोड म्हणजे जनरेटर, त्याला जडत्व असतं, समीकरणात दुसरा डेरिव्हेटिव्ह येतो, आणि डॅम्पिंग (हालचाल शमवणारा रोध) कमी असेल तर एकाच कपलिंगला लॉक होणं आणि न होणं दोन्ही शक्य, सुरुवात कुठून केली त्यावर. हेही दोन नोडवर दिसतं, परत सांगतो, दोन!

माझे पेपर कमी आहेत, माहितीये. मुलाखतीत त्यांना आकडा हवा होता, माझ्याकडे प्रूफ होतं, प्रमोशन राहिलं ते राहिलंच. अजून सलतं, खोटं कशाला बोलू. पण आपल्या ग्राफवर आपलाच विश्वास नाही असं काम मला जमलं नसतं, आणि तुलाही जमत नाहीये, म्हणूनच मेल केलास ना?

रविवारी सकाळच्या गाडीने रावेरहून भुसावळला ये, लॅपटॉप घरी ठेव. तीन नोड करून आण, फ्रिक्वेन्सी १, ०, उणे १, एकदा साखळीत (शून्यवाला मधे) आणि एकदा त्रिकोणात, लॉक व्हायला कपलिंग कुठे कमी लागतं आणि किती. जेवायला थांबायचंय, काकूने भरीत करायचं ठरवलंय.