अर्थसी वाचायला घेताय? मग एवढं सांभाळा

अर्थसी ही उर्सुला ले ग्विनची जादूगारांच्या जगातली कादंबरीमालिका. सुरुवात १९६८च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'पासूनच करा. उर्सुला ले ग्विनकडे लढाया कमी आहेत. नवे वाचक त्या शोधत पानं भराभर उलटतात आणि तिथेच फसतात. सात वर्षांचा पोरगा, म्हणजे नायक गेड, मावशीकडून ऐकलेला मंत्र शेळ्यांवर म्हणतो. शेळ्या मुकाट येऊन त्याला चिकटतात, अन् सुटायचं कसं ते त्याला ठाऊक नसतं! हे पान सावकाश वाचा, पुढचं बरंचसं त्यातच आहे.

- नकाशा उघडा ठेवा, बेटं पुष्कळ आहेत.
- दुसऱ्या भागात गेड बराच वेळ दिसत नाही. म्हणून पुस्तक सोडू नका. मला तर त्या भागाची नायिका टेनारच जास्त जवळची वाटते.
- १९९०चं 'तेहानू' लगेच घेऊ नका, आधीचे तिन्ही भाग मुरू द्या.

अर्थसीचा कथासंग्रह कधी वाचायचा, ते तिथवर पोचलात की सांगेन.