चिनी ‘फाइव्ह फ्लॉवर टी’ म्हणजे काय? त्यातील फुले आपल्याकडे मिळतात का?

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहरात राहत होते आणि आपण विचारलेले हे पेय तिथे उन्हाळाभर पीत असे, म्हणून उत्तर लिहीत आहे.

आपला ‘चहा’ हा शब्द चिनी ‘छा’वरून आला असला, तरी या पेयात चहाची पत्ती मुळीच नसते. चिनी भाषेत वनस्पती उकळून किंवा गरम पाण्यात मुरवून केलेल्या पेयालाही ‘छा’ म्हणतात; मराठीत त्याला सरळ काढा म्हणावे. ग्वांगदोंग प्रांत, हाँगकाँग आणि मकाव येथील अशा काढ्यांना मिळून ‘ल्यांगछा’, म्हणजे ‘थंड चहा’, असे नाव आहे आणि 2006 साली चीनने त्यांचा राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हा थंडपणा गुणाचा आहे, कारण काढा बहुधा गरमच पितात. तळलेले फार खाल्ले, जागरण झाले, तोंड आले किंवा घसा धरला की कँटोनी माणूस ‘यीत हेई’ झाले असे म्हणतो. एका सहकारी बाईंनी मला या शब्दाचा अर्थ सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे वाक्य संपण्याआधीच मला तो कळला होता, कारण ‘उष्णता वाढली आहे’ हे माझ्या आजीच्या तोंडचे नेहमीचे वाक्य होते.

पंचपुष्पांचा हा काढा त्या काढ्यांपैकी सर्वांत सौम्य आणि गोडसर. पाच फुले कोणती, हे दुकानागणिक बदलते; हनीसकल, शेवंती, पॅगोडा वृक्षाची फुले, कुडझू वेलीची फुले, चाफा आणि काटेसावर यांतून निवड होते. यातील चाफा म्हणजे आपला देवळाच्या आवारातील पांढरा, मध्ये पिवळा असणारा खुरचाफा. त्या रंगांमुळे चिनी लोक त्याला ‘अंड्याचे फूल’ म्हणतात. (हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, म्हणजे दोन्हीकडे पाहुणेच.) काटेसावर तर ग्वांगझूचे नगरपुष्प आहे. मार्चमध्ये तिची जाड, लाल फुले धप्पकन फूटपाथवर पडतात आणि सकाळी फिरायला निघालेल्या आजीबाई ती पिशवीत गोळा करतात. आमच्या इमारतीच्या कठड्यावर ती वर्तमानपत्रावर पसरलेली असत. चार-पाच दिवसांत लाल रंग जाऊन ती तपकिरी, चुरगळलेल्या चामड्यासारखी दिसू लागत आणि केवळ केसरांच्या जुडग्यावरून ओळखू येत. सह्याद्रीत याच झाडाखाली फुलांचा सडा पाहताना मला अजूनही त्या कठड्याची आठवण येते.

हनीसकलबाबत मात्र सावध राहावे. चिनी भाषेत त्याला ‘सोने-चांदी फूल’ म्हणतात, कारण पांढरे उमललेले फूल पुढे पिवळे होते. काही जण त्याचे भाषांतर ‘मधुमालती’ असे करतात, पण आपल्या कुंपणावरील मधुमालती पांढऱ्याची गुलाबी आणि मग लाल होते. ती निराळ्याच कुळातील वनस्पती आहे आणि तिची फुले या काढ्यात घालू नयेत. हारासाठी विकली जाणारी शेवंतीही वापरू नये, कारण ती खाण्यासाठी पिकवलेली नसते आणि तिच्यावर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते. पेयासाठी लहान पांढरी शेवंती वेगळी पिकवतात आणि त्यासाठी झेज्यांग प्रांतातील थोंगश्यांग हा भाग प्रसिद्ध आहे. चाफ्याच्या झाडाचा चीकही त्रासदायक असतो, त्यामुळे ताजी फुले तोडून थेट उकळण्याचा मोह टाळावा.

मी स्वतः वनस्पतिशास्त्रीय नाव छापलेली सुकी फुलेच घेते, ती दोनदा धुऊन दीड लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळते आणि शेवटी खडीसाखर घालते. सुरुवात करायची असल्यास पाच-सहा सुक्या शेवंत्या पेलाभर गरम पाण्यात झाकून ठेवणे सर्वांत सोपे, पण शेवंतीच्या कुळातील परागांची अ‍ॅलर्जी असेल तर तेही करू नये.

ज्यांना जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता आहे, त्यांना हनीसकल टाळण्याचा सल्ला हाँगकाँगमध्ये दिला जातो. डबाबंद ल्यांगछात बहुधा ज्येष्ठमध आणि भरपूर साखर असते. ज्येष्ठमध फार दिवस, फार प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे. गरोदरपणात किंवा नियमित औषधे चालू असताना आधी डॉक्टरांना विचारावे.

दुकानात याच्या शेजारी ‘चोवीस चवींचा’ काळा काढाही असेल. नावात चोवीस असले तरी वनस्पतींची संख्या कमी-जास्त असते. चव किराईताच्या काढ्याची आठवण करून देणारी, आणि तो प्यायल्यावर दुकानदार बहुधा सुकवलेल्या आंबटगोड आलुबुखारचा एक तुकडा हातावर ठेवतो.