हळदीच्या फोटोत चेहरे निळे आणि हळद सपाट का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅननचा १५००डी कॅमेरा घेऊन चार महिने झाले. चुलतभावाच्या हळदीत काढलेल्या काही फोटोंत चेहरे निळसर-जांभळट आले, काहींत सगळं घर कावीळ झाल्यासारखं दिसलं. गालावरची हळद पोस्टर कलर फासल्यासारखी सपाट आणि बाबांचा पांढराशुभ्र सदरा मळकट. आता दोन आठवड्यांनी मावसबहिणीची हळद आहे, तर एक्सपोजर (म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा) आणि रंगाच्या कोणत्या सेटिंग ठेवाव्यात?

कॅमेरा बिघडलेला नाही, एवढं आधी सांगते. मी सांगलीची, म्हणजे हळदीच्या बाजाराच्या गावची, आणि घरातल्या पोरीबाळींच्या हळदी टिपून टिपून हेच सगळे फोटो मीही काढलेत. हळद हा कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त गंडवणारा कार्यक्रम आहे. लग्न त्यापेक्षा सोपं.

कारण असं, की कॅमेरा दोन अंदाज बांधतो. पहिला उजेडाचा: समोर जे काही आहे त्याची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी निघेल, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारी. दुसरा रंगाचा: सगळे रंग एकत्र कालवले तर कुठल्याच बाजूला न झुकणारा करडा रंग उरेल. बाजारात, रस्त्यावर, सहलीला हे दोन्ही अंदाज बऱ्यापैकी जमून जातात. हळदीत पाटावर बसलेली नवरी पिवळ्या साडीत, अंग हळदीने माखलेलं, मागे झेंडूच्या माळा, वर पिवळं कापड. इथे सरासरी करडी कशी निघणार? ऑटो व्हाइट बॅलन्सला (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा स्वतःच रंग सावरतो, ती सोय) वाटतं, प्रकाशच पिवळा आहे, म्हणून तो निळा वाढवतो. जवळून फोटो काढला की चौकटीत हळद जास्त, मग निळा जास्त. मागे सरकून सगळ्या सुवासिनी घेतल्या की हळद कमी, मग निळाही कमी. म्हणून एकाच मिनिटातले दोन फोटो दोन वेगळ्या घरांतले वाटतात.

सदऱ्याचंही तेच. तीन-चार पांढरे सदरे आणि टोप्या चौकटीत आल्या की कॅमेरा म्हणतो, फारच उजेड आहे, आणि हात आखडता घेतो. पांढरं राखाडी होतं. उलट मागे मांडवाचा अंधारा कोपरा किंवा काळी कार आली की तो उजेड वाढवतो आणि पुढे बसलेल्या नवरीचा गाल जळतो.

म्हणून माझं मत: हळदीत हे दोन्ही निर्णय कॅमेऱ्याच्या हातात ठेवायचेच नाहीत. नवरी पाटावर बसण्याआधी दोन्ही बांधून टाकायचे आणि मग फक्त माणसांकडे बघायचं. ऑटो वाईट नाही, मी रोज वापरते, पण या दीड-दोन तासांपुरतं नको.

आधी वरचं मोडचं चाक हिरव्या ए+ वरून, म्हणजे सगळं कॅमेऱ्यावर सोडणाऱ्या मोडवरून, काढा. त्या मोडमध्ये ना एक्सपोजर बदलता येतं ना व्हाइट बॅलन्स. मग फोटो रॉमध्ये (सेन्सरने टिपलेला कच्चा माल) ठेवा, किंवा रॉ आणि जेपेग (कॅमेऱ्यातच तयार झालेला नेहमीचा फोटो) दोन्ही. या कॅमेऱ्यात एक रॉ फाइल साधारण २५-३० एमबीची होते, म्हणजे कार्ड मोठं लागेल. पण रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर घरी बसून बदलता येतो, काहीही न बिघडता. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल त्यासाठी फुकट मिळतं. जेपेगमध्ये रंग एकदा शिजला की शिजला. थोडंफार सारवता येतं, इतकंच.

आता रंग. घरचा मांडव असेल तर वर बहुतेक पिवळं किंवा लाल कापड असणार, आणि दुपारचं ऊन त्यातूनच गाळून खाली येणार. त्या उन्हातला निळा भाग कापडानेच खाल्लेला असतो. मेनूतलं डेलाइट, शेड, क्लाउडी यांपैकी काहीच त्याला लागू पडत नाही, आणि १५००डीमध्ये केल्विनचा (प्रकाशाचा रंग मोजायच्या एककाचा) आकडा थेट टाकायची सोय नाही. तेव्हा कस्टम व्हाइट बॅलन्स. एक करडं कार्ड मिळालं तर उत्तम, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतं. नाहीतर साधा पांढरा कागद. तो नवरीच्या पाटाच्या जागी, तिच्या तोंडाच्या उंचीवर कोणाला तरी धरायला सांगा आणि चौकटीचा मधला भाग पूर्ण भरेल असा त्याचा फोटो काढा. कोऱ्या कागदावर फोकस लागत नाही, म्हणून लेन्सवरचा स्विच एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करायच्या जागी, न्या. फोटोत कागद राखाडी दिसेल. घाबरू नका, तसाच हवा. मग मेनूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो फोटो निवडा. आणि यानंतर डब्ल्यूबीचं बटण दाबून त्यातलं कस्टमचं चिन्हही निवडावं लागतं. निम्मे लोक ही शेवटची पायरी विसरतात आणि म्हणतात, काही फरकच पडला नाही.

कागदाऐवजी कोणाचा सदरा वापरू नका. नीळ दिलेला कपडा डोळ्याला शुभ्र दिसतो, पण असतो निळसर, आणि कॅमेरा त्याला पांढरं धरून बाकी सगळं पिवळं करतो. प्रिंटरच्या कागदालाही चकाकीसाठी असंच काहीतरी लावलेलं असतं, पण मांडवाखाली ते खपून जातं. हे काम हळद लागायच्या आधीच उरकायचं. नंतर माखलेले हात, साड्या, ओला पाट सगळेच पिवळा उजेड एकमेकांवर फेकत असतात.

असं केल्यावर पहिला फोटो कदाचित जरा कोरडा वाटेल, हळदीची ऊब गेल्यासारखा. मी घरी रॉ उघडल्यावर पिवळा थोडासा परत देते. माझ्या आत्याला तो अजिबात नको असतो, तिला पोरी गोऱ्या दिसायला हव्यात. ते भांडण व्हाइट बॅलन्सने मिटत नाही.

मेनूत आहात तोवर दोन गोष्टी बदला. एक, ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर बंद करा. तुम्ही मुद्दाम फोटो गडद केला तरी हा मागून उजळवतो आणि तुम्हाला वाटतं आपली सेटिंग लागतच नाही. दुसरं, पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेरा जेपेगला देतो तो रंगांचा साचा. लँडस्केप तर चुकूनही नको, आणि स्टँडर्डसुद्धा हळदीला जड जातं. न्यूट्रल घ्या. नंतर भडक करता येतं. भडक झालेलं खाली आणताना दम लागतो. हे रॉला लागू नाही असं कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा फोटो आणि त्याचा हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ, कुठे किती आहे ते दाखवणारा आलेख) हे जेपेगवरूनच बनतात. स्टाइल भडक असेल तर हिस्टोग्रामही खोटं बोलतो.

हिस्टोग्रामवर जरा थांबते, कारण तुमची सपाट हळद इथेच सापडेल. सेन्सरवरचे पिक्सेल तीन रंगांच्या चष्म्यांतून बघतात: निम्मे हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, १९७६ च्या पेटंटमधली, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. हळद निळा प्रकाश गिळते आणि लाल-हिरवा परत पाठवते. म्हणजे पिवळ्या गालावर लाल आणि हिरवा दोघेही वर चढलेले, निळा तळाला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाची वरची हद्द २५५. लाल आणि हिरवा दोन्ही तिथे जाऊन आदळले की गालावरच्या बोटांच्या रेघा, दाट-पातळ थर, सगळं एकाच आकड्याचं होतं. हाच तुमचा पोस्टर कलर.

गंमत म्हणजे साधा ब्राइटनेसचा हिस्टोग्राम हे दाखवत नाही. त्यात लालाला साधारण ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन असतं. लाल-हिरवा पूर्ण जळला आणि निळा शून्य असला तरी बेरीज २२६ च्या आसपासच येते. आलेख उजव्या भिंतीपासून चांगला लांब दिसतो आणि आपण निश्चिंत. मी कित्येक वर्षं अशीच निश्चिंत होते. तेव्हा फोटो बघताना डिस्प्लेचं बटण दाबत राहा आणि तीन रंगांचे वेगवेगळे आलेख दिसतील त्या पानावर या. हळदीत नजर फक्त लालवर ठेवायची. तो उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला की एक्सपोजर खाली. पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नका, उन्हात तेच चित्र अंधारं आणि घरात झगझगीत दिसतं.

आता एक्सपोजर बांधायचं कसं. मोडचं चाक एमवर, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती हळवा ते, ऑटोवर नको. मांडवातल्या दुपारी ४०० पासून सुरू करा. तुमची लेन्स १८-५५ असेल तर ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) ५.६ ठेवा, म्हणजे झूम केलं तरी बदलणार नाही. शटर, म्हणजे उजेड आत येऊ द्यायचा वेळ, सेकंदाच्या १/१२५ च्या आसपास. मग पाटाच्या जागी जाऊन, तिथला उजेड पडेल असा आपलाच तळहात धरा आणि तो चौकटीत पूर्ण भरा. फोकस लागला नाही तरी चालेल. खालच्या मीटरची खूण अधिक १ वर येईपर्यंत शटर किंवा आयएसओ फिरवा. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजळ असतो, आणि माणूस सावळा असो की गोरा, तळहातात फार फरक नसतो. म्हणून शून्य नाही, अधिक १. हात अर्थातच हळद न लागलेला हवा, आणि तिथे तसा हात टिकवणं हेच अवघड काम आहे.

हळद लागायला लागली की दोन-तीन फोटो काढून लाल आलेख बघा. भिंतीला टेकला असेल तर शटर एक-दोन घरं पुढे, म्हणजे आणखी वेगवान, न्या. एक घर म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. यात सावळे चेहरे किंचित गडद होतील. होऊ द्या, रॉमधून ते सहज उचलता येतात. जळलेली हळद मात्र परत येत नाही. ढग आला, कापड बदललं, कार्यक्रम अंगणातून ओसरीवर गेला, की तळहात पुन्हा.

एम जमत नाही असं वाटलं तर एव्ही मोडवर (ॲपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं) राहा आणि मागचं एव्ही± बटण दाबून धरून शटरच्या बटणाजवळचं चाक फिरवा. पांढऱ्या सदऱ्यांचा घोळका असेल तर अधिक बाजूला पाऊण-एक स्टॉप, मागे काळोख असेल तर वजा बाजूला. चालतं, पण दर फोटोला विचार करावा लागतो आणि एवढ्यात आंब्याच्या पानाने हळद लावून झालेली असते.

संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर वेगळी डोकेदुखी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर १/२५० किंवा १/५०० ठेवलं की एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यात आडवा पट्टा. तिथे १/१०० किंवा १/५० वर या आणि आयएसओ वाढवा. हळदीची फेकाफेक १/१०० ला थोडी पुसट येते, ती मला आवडते. कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र उघडू नका. तेल घातलेल्या हळदीवर तो पडला की कपाळावर पांढरे ठिपके येतात आणि मागचे बल्ब नारिंगी होतात.

या दोन आठवड्यांत एक दुपार काढा. ताटलीत हळद कालवा, शेजारी आंब्याचं पान, पांढरा रुमाल आणि काळी छत्री ठेवा, वर एखादी पिवळी साडी धरा आणि हे सगळं एकदा करून बघा. घरचे हसतील. धाकट्या भावाच्या हाताला हळद लावता आली तर आणखी बरं.

शेवटचं: हळद संपली की त्याच रात्री व्हाइट बॅलन्स ऑटोवर आणि चाक तुमच्या नेहमीच्या जागी आणा. पिवळ्या कापडासाठी बांधलेला कस्टम बॅलन्स सगळ्यात निळा मिसळत असतो. मी एकदा तो तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले, आणि तेव्हा फक्त जेपेग काढायचे. अक्षता पडेपर्यंत लक्षात आलं नाही. नवरीचा हिरवा चुडा मोरपंखी आणि भटजी आजारी दिसत होते. काही केल्या रंग सुधारेना, म्हणून ते सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून दिले. आत्या अजून पाहुण्यांना सांगते, आमच्या पोरीने किती हौसेने जुन्या पद्धतीचा अल्बम केलाय.