बोटीच्या, कोल्हापुरात बांधलेल्या इंजिनाला वाइडबँड मीटर लावायचा तर कुठे लावावा आणि आकडा किती ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणच्या मित्राच्या स्पीडबोटीचं व्ही-8 पेट्रोल इंजिन कोल्हापुरात उतरवून आणलंय, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललाय, वर कार्ब्युरेटर आहे. चारचाकीला लावतात तो हवा-पेट्रोलचा मीटर याला चालेल का, आणि चालला तर आकडा कितीवर ठेवायचा? मी उद्यमनगरात इंजिनाचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीटर चालतो. पण आकड्याच्या आधी सेन्सरची जागा ठरवा, बोटीत सगळा घोळ तिथेच होतो. बोटीचा एक्झॉस्ट ओला असतो. सिलेंडरांचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डमधून तो वर राइजर नावाच्या उंच नळीत चढतो, तिथून पुढे इंजिन थंड करून आलेलं पाणी त्यात सोडतात आणि धूर-पाणी एकत्रच मागे बाहेर पडतं. सेन्सरच्या आतली सिरॅमिकची पट्टी साडेसातशे अंशांच्या वर तापलेली असते. तिच्यावर पाण्याचा एक थेंब उडाला तरी तिला तडा जातो. म्हणून सेन्सर पाणी मिसळतं त्याच्या बराच आधी, धूर कोरडा असतो तिथेच हवा. तुम्ही कॅम बदललाय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठ्या कॅमला ओव्हरलॅप, म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ, जास्त असतो, त्यामुळे आयडलला धूर मागेपुढे हेलकावे खातो आणि राइजरमधलं पाणी उलटं मॅनिफोल्डकडे ओढलं जातं. असं होत असेल तर सेन्सरच काय, एक्झॉस्ट व्हॉल्व्हही गंजतात. तेव्हा आधी राइजरची उंची कॅमला पुरते का ते बघा, मग मीटरचं काम काढा.

मॅनिफोल्ड ओतीव आणि भोवती पाण्याचं जॅकेट असेल तर त्याला भोक पाडून वेल्डिंग करायच्या फंदात पडू नका. मॅनिफोल्ड आणि राइजर यांच्यामध्ये बसेल असा एसएस 316 चा स्पेसर करून घ्या, पाण्याच्या वाटा जशाच्या तशा ठेवून. सेन्सरची आटी एम-18, दीडचा पिच. आपल्याकडे कुठलाही चांगला लेथवाला बंग (सेन्सर पिळायची आट्यांची कडी) करून देईल, फक्त तो आर्गन वेल्डिंगनेच लावून घ्या. सेन्सर आडवा नको, टोक खाली आणि वायरची बाजू वर अशी किमान 10 अंशांची तिरकी बैठक द्या, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना सुटणारं पाणी त्यात साचणार नाही. इंजिन व्ही-8 आहे, तर दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर लावा. आणि सेन्सर वाइडबँडच घ्या, बॉशचा एलएसयू 4.9 सगळीकडे चालतो. गाड्यांना पूर्वापार येणारा साधा ऑक्सिजन सेन्सर फक्त लॅम्डा 1 च्या अल्याड की पल्याड एवढंच सांगतो (लॅम्डा 1 म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढी हवा, त्याखाली पेट्रोल जास्त, वर हवा जास्त), फुल थ्रॉटलला त्याचा उपयोग नाही.

आता आकडा. मीटर लॅम्डावर ठेवा, 14.7 च्या हिशेबावर नको. 14.7 हा शुद्ध पेट्रोलचा आकडा, एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचा हाच आकडा साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्डाला इंधन कुठलं याच्याशी देणंघेणं नाही. साध्या, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाला फुल थ्रॉटलला मी 0.84 ते 0.86 धरतो, सुपरचार्जर असेल तर 0.80 च्या खाली. गाडीला हे रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, वाटेल. पण गाडी हायवेला लागली की इंजिनावर फारसा भार राहत नाही. बोटीचं इंजिन उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरसारखं सतत ओढत असतं, त्याला उतार कधी येतच नाही. लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चाललं तर नॉकिंग (मिश्रण नको तेव्हा फटकन पेटणं) सुरू होतं आणि पिस्टनचा माथा वितळतो. तसं उगाच फार रिचही ठेवू नका. समुद्राच्या पाण्यावर थेट थंड होणारी इंजिनं मुळात थंड चालतात, जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे, की जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं, कोल्हापुरात ठरवू नका. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत. घाट उतरून मालवणला गेलात की हवा पाचेक टक्क्यांनी दाट होते. कार्ब्युरेटर ते पूर्ण भरून काढत नाही, मिश्रण अडीच-तीन टक्के लीन होतं. त्यात जुने जेट शुद्ध पेट्रोलचे असतील तर इथेनॉलमुळे आणखी 7-8 टक्के. म्हणजे इथे स्टँडवर (बोटीबाहेर इंजिन चालवायच्या घोडीवर) 0.85 दाखवणारं इंजिन तिथे साधारण 0.87 वर जाईल, आणि इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर जेट बसवले असतील तर पार 0.94-0.95. शिवाय स्टँडवर बोट ढकलणाऱ्या पंख्याचा भार नसतो, त्यामुळे तिथला फुल थ्रॉटलचा आकडा कशालाच लागू पडत नाही. इथे फक्त इंजिन नीट सुरू होतं, आयडल बसतो, गळती नाही एवढं बघा. जेट थोडे मोठेच घालून पाठवा आणि पाण्यावर, भाराखाली, एकेक नंबरनं उतरवत या. आरपीएम आणि लॅम्डा दोन्ही लॉग होतील असाच मीटर घ्या, उसळत्या बोटीत नजरेनं आकडे टिपता येत नाहीत.

मीटर फसवतोही. तो धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलेंडरचा स्पार्क प्लग मिस मारत असेल तर तिथली हवा न जळता बाहेर येते आणि मीटर लीन दाखवतो. मग माणूस जेट वाढवत सुटतो. गॅस्केटमधून हवा ओढली गेली तरी तेच. म्हणून फुल थ्रॉटलच्या फेरीनंतर आठही प्लग काढून क्रमानं मांडा आणि भिंगातून पांढरी पोर्सिलेन बघा. तिच्यावर मिरपुडीसारखे बारीक काळे किंवा चमकणारे ठिपके दिसले तर त्या सिलेंडरमध्ये नॉकिंग झालंय, चमकणारे असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मीटरवर चारांची सरासरी दिसते, उपाशी असलेला एखादा सिलेंडर त्यात झाकला जातो. तो प्लगच दाखवतो.

दोन गोष्टी राहिल्या. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचते, म्हणून मीटरचा कंट्रोलर तिथे ठेवू नका, वायरींचे सांधे उघडे सोडू नका आणि स्टार्टर मारायच्या आधी वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चालवा. आणि सेन्सर नळीत असताना इंजिन चालू असेल तर त्याचा हीटर चालू हवाच, थंड सेन्सर काजळीनं लवकर मरतो. मीटर बिघडला तर सेन्सर तसाच ठेवून बोट पळवू नका, काढून त्या जागी एम-18 चा बुचाचा प्लग आवळा. बंग करून घेताना तसे दोन प्लगही करून घ्या.