छापील पान १२७, पीडीएफचे पान १४३

आपण इतिहासाची टिपणे साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवता आणि त्यांत स्कॅन केलेल्या ग्रंथांच्या पीडीएफचे दुवे देता. आपली तक्रार दुहेरी आहे: दुवा उघडल्यावर कधी ग्रंथाचे मुखपृष्ठच समोर येते, तर कधी आतले पान उघडते, पण ते हव्या त्या पानाच्या सोळा पाने अलीकडचे असते. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. सोळा पानांचा घोळ आधी घेतो, कारण प्रोग्रॅम बदलला तरी तो सुटत नाही.

दुव्याच्या शेवटी हॅश (#), त्यापुढे इंग्रजीत पेज हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि आकडा असे लिहिले की तो आकडा फाइलीतल्या पानांच्या क्रमाचा धरला जातो आणि फाइलीचे अगदी पहिले पान एक असते. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, निराळे आकडे घातलेली प्रस्तावना आणि अनुक्रमणिका यांत सोळा पाने गेली, तर छापील १२७ हे फाइलीत १४३ होते. आपण दुव्यात १२७ लिहिलेत, म्हणून छापील १११ उघडले. सोळा मिळवून टाकावे असे वाटेल, आणि पुष्कळ ग्रंथांत ते चालतेही. परंतु मध्येच आकडा नसलेली चित्रपृष्ठे किंवा घडीचा नकाशा आला की फरक वाढतो, स्कॅन करणाऱ्याच्या हातून दोन पाने सुटली की तो घटतो, आणि समोरासमोरची दोन पाने एकाच प्रतिमेत घेतली असली तर सारा हिशेबच निम्म्यावर येतो. म्हणून मी सूत्रावर विसंबत नाही. टिपणात दोन्ही आकडे लिहितो: ‘छा. १२७, पी. १४३’. यांतला छापील आकडा मुख्य समजावा, कारण उद्या त्याच आवृत्तीचा अधिक स्वच्छ स्कॅन मिळाला तर पीडीएफचा आकडा बदलेल, छापील बदलणार नाही. शिवाय त्या पानावरचे पाच-सहा शब्द अवतरणात टिपून ठेवतो, म्हणजे दुवा चुकला तरी आपण योग्य जागी आलो की नाही हे एका दृष्टिक्षेपात कळते.

पीडीएफमध्ये पानांना नावे देण्याची सोय आहे आणि प्रस्तावनेला रोमन, मजकुराला साधे आकडे अशी मांडणी त्यात करता येते. मात्र हौशी स्कॅनमध्ये ती क्वचितच केलेली असते. लिनक्सवरचा एव्हिन्स हा वाचक (म्हणजे पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम) ही दोन्ही प्रकारची पाने ओळखतो: आदेशात लहान पी दिल्यास तो पानाचे नाव शोधतो, लहान आय दिल्यास फाइलीतला क्रम.

आता मुखपृष्ठ उघडण्याविषयी. हॅशपुढचा भाग हा मुळात वेबपत्त्याचा भाग आहे. पीडीएफसाठी त्याचा अर्थ २००४ सालच्या आरएफसी ३७७८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदवलेला आहे. क्रोम आणि फायरफॉक्स तो पाळतात, ऑब्सिडियन या टिपणांच्या प्रोग्रॅममध्येही टिपणातल्या दुव्याला तो जोडता येतो. पण संगणकावरची फाइल जेव्हा ऑपरेटिंग सिस्टिममार्फत दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवली जाते, तेव्हा पुष्कळदा केवळ फाइलीचा मार्ग पुढे जातो आणि हॅशपुढचे वाटेत गळून पडते. अशा वेळी पान थेट प्रोग्रॅमला सांगावे लागते, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी: झथुरा या वाचकाला मोठा पी, सुमात्राला पेज हा शब्द, ओक्युलरला लहान पी. ईमॅक्स या टेक्स्ट संपादकातल्या ऑर्ग मोड या टिपणांच्या सोयीमध्ये डॉकव्ह्यू प्रकारचा दुवा आहे. त्यात फाइलीच्या नावानंतर दोन अपूर्णविराम आणि मग पान लिहितात.

यांतली कोणतीही एक तऱ्हा टिपणांत जागोजागी लिहून ठेवू नये, असे माझे मत आहे. मी पूर्वी तेच केले होते. संगणक बदलला तेव्हा शेकडो दुवे हाताने दुरुस्त करत बसलो. आता टिपणात ग्रंथाची एक छोटी खूण आणि दोन आकडे एवढेच असते. निराळ्या एका फाइलीत प्रत्येक खुणेसमोर पीडीएफचा मार्ग लिहिलेला आहे, आणि दहा-बारा ओळींची एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) कर्सरखालची ओळ वाचून, खुणेवरून मार्ग शोधून, त्या यंत्रावर जो वाचक असेल त्याला त्याच्या तऱ्हेने पान सांगते. फोल्डर हलवले तर एक ओळ बदलते, वाचक बदलला तरीही एकच ओळ. आणि ही स्क्रिप्ट हरवली तरी टिपण माणसाला वाचता येते. साध्या टेक्स्टचा आग्रह आपण त्यासाठीच तर धरतो.

खूण आणि फाइलीचे नाव रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवावे, हे मला मराठीप्रेमापोटी बराच काळ पटत नव्हते. मग ‘दुसऱ्या बाजीरावाची पत्रे’ अशा नावाच्या फाइलीने धडा दिला. ‘दुसऱ्या’मधले ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतानेही लिहिता येते आणि साधा र व नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांनीही, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण एका यंत्रावर नाव एका रूपात साठवले गेले आणि टिपणात दुसरे रूप असले, तर फाइल समोर असूनही सापडत नाही. दुव्यातला पानाचा आकडाही इंग्रजी अंकांतच, म्हणजे 143 असा हवा. देवनागरी १४३ कोणताही पीडीएफ वाचक समजून घेईल अशी अपेक्षा करू नये. माझी स्क्रिप्ट तो आधी बदलून घेते.

पानाऐवजी शब्द शोधून तिथे का जाऊ नये, असेही आपण विचारले आहे. इंग्रजी पीडीएफला ते ठीक आहे. आपल्याकडच्या स्कॅनमागे बहुधा शोधता येण्याजोगा मजकूरच नसतो, नुसती पानाची प्रतिमा असते, असला तर जोडाक्षरांची मोडतोड झालेली असते, आणि युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेल्या पीडीएफमधून ‘पुणे’ नक्कल केले तर भलतीच रोमन अक्षरे हाती येतात.

इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावरचा ग्रंथ जागच्या जागी वाचत असाल तर एक बारकावा ध्यानात ठेवावा. तेथील पत्त्यात पेजनंतर नुसता आकडा असला तर तो छापील पानाचा मानला जातो. आकड्याआधी एन असले तर तो प्रतिमेचा क्रम असतो, आणि ही मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणजे एकशे त्रेचाळिसावी प्रतिमा तेथे एन१४२ होते.