गावच्या आंब्याच्या फळ्यांचे सहा जणांचे डायनिंग टेबल करून घ्यावे का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, गावी कापून घेतलेल्या आंब्याच्या फळ्या सहा महिने पडून आहेत, पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये जेवणाची जागा नऊ बाय दहा फुटांची आहे, तेव्हा दिवाळीपर्यंत त्याच फळ्यांचे सहा खुर्च्यांचे टेबल सुताराकडून घडवून घ्यावे की सरळ सागवान विकत घ्यावे, मापे काय ठेवावीत आणि खर्च किती येईल. खर्चाच्या बाबतीत माझा फारसा उपयोग होणार नाही. परंतु ‘सहा महिने’ आणि ‘दिवाळीपर्यंत’ हे शब्द एकाच वाक्यात वाचले आणि मला उत्तर लिहायला बसावेच लागले.

माझे माहेर दापोली तालुक्यातले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, त्या दिवशी आमच्या परड्यातला आजोबांच्या हातचा फणस मुळासकट आडवा झाला. पोफळी आणि माड गेले त्याचे दुःख वेगळेच होते. फणसाचे लाकूड तरी वाया जाऊ नये, यावर घरात एकमत झाले आणि ते एकमत तेवढ्यावरच संपले. वीज यायलाच कितीतरी दिवस गेले. ऑगस्टमध्ये गिरणीतून दीड इंच जाडीच्या फळ्या कापून आल्या. ताजी फणसाची फळी हळदीसारखी पिवळी दिसते आणि ती पाहिल्यावर भल्याभल्यांचा विवेक सुटतो. माझ्या मोठ्या भावाचा सुटला. दादाला पुण्याच्या घरात त्याच वर्षी त्याचे टेबल हवे होते आणि सोबत सहा खुर्च्याही हव्या होत्या.

आमच्या घराची दारे ज्यांच्या वडिलांनी केली, त्याच घरातल्या सुतारकाकांना बोलावले. त्यांनी एका फळीवर रंधा फिरवला, निघालेला पापुद्रा मुठीत चुरगाळला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. तो पापुद्रा मोडला नव्हता. ओल्या कागदासारखा त्याचा गोळा झाला होता. ते म्हणाले, “ताई, ह्याच्या अंगात अजून पाणी आहे. एक पावसाळा नि एक उन्हाळा जाऊ दे.” मी तेच दादाला सांगितले. त्यावर दादाने ऑक्टोबरच्या उन्हात पंधरा दिवस फळ्या गच्चीवर पसरून ठेवल्या आणि “आता वाळल्या” असे जाहीर केले. उन्हात टाकलेली फळी वरून वाळते आणि आत ओलीच राहते, एवढेच नव्हे तर तिची टोके आधी सुकून चिरतात. पण दादा इंजिनिअर आहे आणि मी बँकेत कारकून होते, त्यामुळे त्या विषयावर माझे मत विचारात घेतले गेले नाही.

टेबल नोव्हेंबरमध्ये टेम्पोने पुण्याला गेले. नऊ इंच रुंदीच्या चार फळ्या जोडून तीन फुटांचा माथा केला होता, तो खाली चौकटीला स्क्रू आणि फेव्हिकॉलने पक्का आवळला होता. शिवाय दादाच्या आग्रहाने, कडा सुबक दिसावी म्हणून, दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी चिकटवली होती. ही पट्टी सुतारकाकांना मान्य नव्हती. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत मात्र आखडते, आणि आखडणाऱ्या चार फळ्यांना दोन्ही टोकांना न आखडणाऱ्या लाकडाने बांधून ठेवले तर कुठेतरी फाटणारच. दापोलीची पावसाळी हवा सोडून ते लाकूड पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आले. 2021 च्या मार्चमध्ये एका रात्री नारळ फोडल्यासारखा आवाज झाला आणि सकाळी मधला सांधा उकललेला दिसला. एप्रिल अखेर त्या फटीत दहा रुपयांचे नाणे उभे राहत होते. आमटी सांडली तर ती मांडीवर येई. खुर्च्यांची कुसे खाचांमध्ये सैल होऊन त्या कुरकुरू लागल्या, त्या वेगळ्याच.

दादाने निदान केले की फणसाचे लाकूडच वाईट असते. हे निदान तो आजही प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांना ऐकवतो. सुताराने वाट लावली, असेही अधूनमधून म्हणतो. मला हे मुळीच मान्य नाही, आणि आपल्याला उत्तर लिहिण्याच्या निमित्ताने ते एकदा लेखी नोंदवून ठेवते: दोष फणसाचा नव्हता आणि सुतारकाकांचाही नव्हता, दोष घाईचा होता.

आता आपल्या फळ्यांविषयी. हवेवर वाळवायचे लाकूड दर इंच जाडीला साधारण एक वर्ष ठेवावे, असा जुना आडाखा आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत थोडे कमीही पुरते, पण सहा महिने, त्यातही मधले चार पावसाचे असतील तर, पुरत नाहीत. फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा पडवीत, जमिनीपासून वर, दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात, वर वजन ठेवावे आणि टोकांना जाड रंग फासावा. वाळल्या की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. त्याच लाकडाचा वीतभर तुकडा फळीच्या मधल्या भागातून कापून घ्या (टोकाचा नको, टोक आधी वाळते), त्याच्याही दोन्ही टोकांना रंग फासून तो त्याच थप्पीत ठेवा आणि दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन भिंतीवर लिहीत जा. लागोपाठ दोन-तीन महिने वजन घटले नाही, तर सुताराला बोलवा. त्यानंतरही, शक्य असेल तर, फळ्या महिनाभर पुण्याच्या घरातच ठेवा, म्हणजे ज्या हवेत टेबल नांदणार आहे ती हवा त्यांच्या अंगवळणी पडेल. आंब्याला कीड लवकर लागते. सालाकडचा फिकट भाग सुताराला काढून टाकायला सांगा, आणि फळ्यांखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसत असेल तर ते लाकूड घरात आणूच नका.

दिवाळी गाठायचीच असेल तर वाळलेले सागवान घ्या. आपल्याकडे बल्लारशा आणि आलापल्लीच्या सागवानाचे नाव आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेले. वखारीत मात्र आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचे सागवानही भरपूर असते. ते कमअस्सल असतेच असे नाही, पण त्यात फिकट भाग पुष्कळदा जास्त येतो, म्हणून फळी उलटून दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय घनफुटाच्या भावावर बोलू नका.

मापांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे की आधी खुर्ची ठरवावी आणि मग टेबल. सगळे उलटे करतात. प्रचलित मापे सुताराला पाठ असतात: बैठक अठरा इंच, टेबल तीस इंच, माणशी दोन फूट. पण ही मापे कोणाच्या पायांची? माझी आई चार फूट दहा इंच उंचीची होती. दादाच्या खुर्चीवर तिचे पाय लोंबकळत. खुर्चीवर मांडी घालून बसण्याची तिला सवय होती, तर माथ्याखालची आडवी पट्टी दादाने शोभेसाठी सहा इंचांची केलेली, त्यामुळे तिचे गुडघे वर आपटत. शेवटी ज्या पाटावर बसून ती आयुष्यभर जेवली, तो पाट तिने पायांखाली घेतला. आपल्या घरात वडीलधारी माणसे असतील तर बैठक साडेसोळा-सतरा इंचांवर आणा, टेबलही तेवढेच खाली घ्या, पट्टी तीन-चार इंचांपेक्षा खाली उतरू देऊ नका आणि निदान दोन खुर्च्या बिनहाताच्या, वीस इंच रुंद बैठकीच्या करा. पाठीला थोडा कल हवाच. काटकोनातली पाठ फोटोत छान दिसते, तिला टेकून दहा मिनिटेही बसवत नाही.

सहाही खुर्च्या एकदम कापायला देऊ नका. एक खुर्ची साध्या लाकडात, बिनपॉलिशची करवून घ्या, घरातल्या प्रत्येकाला तिच्यावर बसून पूर्ण जेवण जेवायला लावा आणि मग उरलेल्या सांगा. सुतारकाकांनी हेही सुचवले होते. दादाने “वेळ नाही” म्हटले.

आपल्या जागेत तीन फूट रुंदीचे टेबल ठेवल्यास दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट उरतात. खुर्ची मागे सरकवून उठायला आणि मागून कोणी जायला ते जेमतेम पुरेसे आहेत. लांबी सहा फूट ठेवली तर टोकांना दोनच फूट उरतात, म्हणजे टोकाला खुर्ची नाही, तीन-तीन जण समोरासमोर. भिंतीकडे तीन खुर्च्यांऐवजी बाक केला तर मोकळे वाटेल. सुताराला बोलावण्याआधी सहा बाय तीन फुटांची वर्तमानपत्रे जमिनीवर चिकटवून दोन दिवस त्यांच्याभोवती वावरा, आणि फ्रिजचे दार पूर्ण उघडून पाहा.

खर्चाविषयी एवढेच सांगते की खुर्च्यांना कमी लेखू नका. सहा खुर्च्यांना मिळून टेबलापेक्षा जास्त लाकूड लागू शकते, कारण मागचे कललेले पाय रुंद फळीतून कापावे लागतात आणि उरलेले तुकडे वाया जातात. मजुरी तर नक्कीच जास्त लागते. मजुरी नगावर ठरवा, रोजावर नको. पॉलिशमध्ये काटकसर करून लाखेचे करवून घेतलेत तर गरम भांड्याचे पांढरे वर्तुळ पहिल्याच आठवड्यात उमटेल, पीयू (पॉलियुरेथेन) करा.

हे सगळे भरीव लाकडासाठी आहे, हे आधीच सांगायला हवे होते. माथा प्लायवुडचा आणि वर व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असा बेत असेल तर आखडण्याची चिंता जवळपास उरत नाही, फक्त प्लायवुडवर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवुडच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहून घ्या. तसेच भरीव माथा चौकटीला आवळताना स्क्रूची भोके लांबट ठेवायला सांगा, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

दादाचे टेबल सुतारकाकांनी 2022 मध्ये पुण्याला येऊन पुन्हा जोडले. टोकांच्या पट्ट्या काढल्या, कडा रंधून सांधे नव्याने बसवले, आणि ते छत्तीसचे साडेचौतीस इंच झाले. त्याच फणसाच्या उरलेल्या फळ्या मी माहेरच्या पडवीत 2023 पर्यंत राहू दिल्या आणि मग त्यांचे चार जणांचे टेबल करून घेतले. पिवळा रंग आता मधासारखा तपकिरी झाला आहे. दादा घरी आला की बोलता बोलता माथ्यावरून नख ओढतो; त्याला अजून सांधा लागलेला नाही.