काल रातीक चलत होता

यावेळी टपालात शिक्षकांची पत्रं जास्त, आणि सगळ्यांचं दुखणं एकच, प्रोजेक्टला मार्क द्यायचे कसे. प्रदर्शनं आटोपली, मार्कलिस्ट भरायचीय, आणि आता सगळ्यांना घाम फुटलाय. चार पत्रं घेतलीत, पहिलं जरा मोठं आहे.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववीला तंत्रज्ञान शिकवते. 44 मुलं, 11 गट, आठवड्यातून दोन तास जोडून मिळतात. यंदा लेखी कमी केली आणि सगळा भर प्रोजेक्टवर ठेवला. एका गटाने जेटीवर भरतीचं पाणी मोजायचं यंत्र केलं, अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायच्या छोट्या बोर्डाला, अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून. दोन महिने खपली पोरं. प्रदर्शनाच्या दिवशी स्क्रीनवर नुसता शून्य! गटातला एकजण रडवेला होऊन म्हणतो, "मॅडम, काल रातीक बरोबर चलत होता, आज काय झाला म्हायत नाय." शेजारच्या गटाने ऑनलाइन मागवलेलं किट जोडून आणलं होतं, ते झकास चाललं, लाइट लागले, पाहुणे खूश. आता 20 पैकी कोणाला किती? आमचे मुख्याध्यापक म्हणतात सगळ्यांना 17-18 देऊन टाका, पालकांची कटकट नको.
(एक शिक्षिका, देवगड)

उत्तर : मॅडम, आधी तो शून्य बघू, कारण मला तरी तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटली. हा सेन्सर काय करतो, तर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, 40 किलोहर्ट्झचा, तो पाण्यावर आपटून परत येईपर्यंत किती वेळ गेला ते मोजलं जातं, आणि आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो म्हणून त्या वेळेवरून अंतर निघतं, जाऊन-येऊन असल्यामुळे निम्मं करायचं. आता आवाज परत आलाच नाही तर? अर्डुइनोची जी पल्सइन कमांड मुलं वापरतात ती थोडी वाट बघते आणि शून्य देऊन मोकळी होते. म्हणजे त्या शून्याचा अर्थ पाणी शून्यावर गेलं असा नाहीच, यंत्र सांगतंय की मला काही ऐकू आलं नाही. मग वायर सुटली असेल, पाइप तिरका झाला असेल, नाहीतर आपल्याकडचं नेहमीचं, खारा वारा. एकदा एका मुलाची टाकी भरल्यावर वाजणारी बेल अशीच ऐनवेळी मुकी झाली, तेव्हा मी जोडावरची टेप सोलून बघितली तर आतली तांब्याची तार हिरवीगार, बोट लावलं की पावडर पडत होती. तीन आठवडे बावीवर, म्हणजे विहिरीवर, उघड्यावर होती ती. मल्टीमीटर कंटिन्युटीवर लावला, बीप नाही, म्हणजे जोडातून वीज जातच नव्हती. संपला विषय.

तर त्या गटाला बोलवा आणि एवढंच विचारा, हा शून्य कुठून आला असेल, तीन शक्यता सांगा आणि आधी कुठली तपासाल ते सांगा. ज्या मुलाने खरंच दोन महिने जेटीवर काढलेत तो लगेच सुरू होईल, त्याला थांबवावं लागेल. मग किटवाल्या गटाला बोलवा आणि त्यांच्या चालू यंत्रातली एक वायर त्यांच्यासमोर काढा, हळूच, काही मोडू नका, आणि सांगा आता दुरुस्त करा. पाच मिनिटांत तुम्हाला मार्क दिसतील. किट आणणं हा गुन्हा नाही हं, किटवर शिकलेली बरीच पोरं मी बघितलीत, पण किटच्या खोक्यावरचं चित्र बघून जोडलं आणि सोडून दिलं तर मार्क त्या कंपनीच्या इंजिनियरला द्यावे लागतील.

आता 20 ची वाटणी. मी असं करायचो, वहीला 6, चाचणी आणि मोजमापाला 5, तोंडीला 5 आणि वस्तू चालते का याला 4. वस्तूला फक्त 4 म्हणून लोक माझ्यावर ओरडलेत, विशेषतः पॉलिटेक्निकवाले, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. तंत्रज्ञानात शेवटी ते चाललंच पाहिजे, म्हणून शून्य कधी ठेवलं नाही. पण नववीच्या मुलाची वस्तू प्रदर्शनाच्या त्या दोन तासांत चालणं हा अर्धा नशिबाचा भाग असतो, आणि नशिबाला 10 मार्क द्यायला माझं मन होत नाही. त्यात आणखी एक सवलत ठेवायचो, बंद पडलं तर आठ दिवसांत दुरुस्त करून दाखव, 4 पैकी 4 मिळतील, एक कमी नाही. भरतीवाल्या गटाला ही मुदत अजूनही देता येईल तुम्हाला, मार्कलिस्ट जायच्या आत.

वहीचं जरा नीट सांगतो कारण तिथेच सगळे फसतात. सुवाच्य अक्षर, रंगीत पेनने समास, मलपृष्ठावर गणपती, याला मार्क नाहीत. मार्क कशाला, तर आधी असं ठरवलं होतं, मग तसं जमलं नाही, म्हणून हे बदललं, या तीन गोष्टी तारखेसह सापडतात का त्याला. त्या हिरव्या तारेवाल्या मुलाच्या वहीत पुढे एक ओळ होती, "जोडाला आईचं नेलपॉलिश लावलं, दोन कोट." बस. पूर्ण 6 दिले. दुकानात जोडावर लावायचे वॉटरप्रूफ प्रकार मिळतात, पण त्याच्या घरात हे होतं आणि ते टिकलं.

मोजमापाचे 5 कसे द्यायचे ते तुमच्याच गटावर दाखवतो. त्यांच्या वहीत हे आहे का बघा. यंत्राचा आकडा कशाशी तरी ताडून पाहिला का? जेटीच्या खांबावर दर 10 सेंटिमीटरला ऑइलपेंटची रेघ मारली तरी चालतं. होडी गेली की लाट येते आणि आकडा उड्या मारतो, तर एकच रीडिंग लिहिलं की दहा घेऊन मधलं घेतलं? आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं का? कारण आपल्याकडे भरती काढायचा हिशोब कोणालाही येतो, तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती पूर्ण. हा ढोबळ हिशोब आहे, भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीत आपण 45 धरतो, शिवाय ठिकाणानुसार थोडं मागेपुढे होतंच. समजा आजोबांचं साडेचार आलं आणि यंत्राचं चार-दहा, आणि मुलाने वहीत दोन्ही लिहून खाली "20 मिनिटांचा फरक का? उद्या परत बघायचं" असं लिहिलंय, तर मी डोळे मिटून 5 पैकी 5 देईन. यंत्राचा आकडा खोडून साडेचार करून ठेवला असेल तर 1.

सगळ्यांना 17-18 देण्याबद्दल मुख्याध्यापकांशी भांडू नका, काही उपयोग नाही. जूनमध्ये पहिल्या पालकसभेत हीच वाटणी फळ्यावर लिहून दाखवा, वहीला किती, तोंडीला किती. कटकट मार्चमध्ये होते कारण लोकांना मार्चमध्येच कळतं की मार्क कशाला होते. आणि सगळं शेवटच्या दिवशी बघायचं सोडा. दर आठवड्याला 4 गट, प्रत्येकी पाच मिनिटं, वहीवर तारीख आणि सही, म्हणजे 20 मिनिटं गेली आणि तीन आठवड्यांत सगळे 11 गट एकदा हाताखालून गेले. सही नसलेलं पान मोजायचं नाही, म्हणजे आदल्या रात्री बसून अख्खी वही लिहायचा उद्योगही बंद होतो.

एक जुनी गोष्ट सांगून पुढे जातो. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकवणारी संस्था सुरू केली, तिथून शाळांमध्ये आयबीटी आलं, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हाताने काम, त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. त्यात मुलं गावातली खरी कामं घेतात आणि कामाचा खर्चही काढतात, माल किती, मजुरी किती. मला हे फार पटतं. तुमच्या तोंडीत एक प्रश्न खर्चाचा ठेवाच. ज्याने स्वतः केलंय त्याला पीव्हीसी पाइप केवढ्याला पडला ते पाठ असतं.

प्रश्न : माझी मुलगी दापोलीजवळच्या शाळेत नववीत आहे. कोकम सुकवायच्या सोलर ड्रायरचा प्रोजेक्ट होता, चारजणांचा गट. सगळं लिहिणं, चित्रं, तापमानाचे तक्ते हिने केले. मार्क चौघांना सारखे. हा अन्याय नाही का?
(एक पालक)

उत्तर : आहे. पण थोडा तिच्याकडूनही झालाय आणि जास्त शाळेकडून, रागावू नका. मी जिथे जिथे गेलो तिथे हेच दिसलं, मुली वही लिहितात आणि मुलगे करवत धरतात, कोणी सांगितलेलं नसतं, आपोआप होतं. मग तोंडीला मुलीला विचारलं काचेचा कोन एवढाच का ठेवला, तर ती मुलाकडे बघते. आणि त्याला विचारलं दुपारी दोनला आत किती तापमान होतं तर तो तिच्याकडे बघतो. दोघांचंही अर्धं शिक्षण गेलं.

शाळेला सांगता आलं तर एवढं सांगा, कामं दर महिन्याला फिरवा, लिहिणारा कापेल आणि कापणारा लिहील. गटाला मार्क द्या, पण तोंडी एकेकट्याची घ्या, बाकीचे तिघे वर्गाबाहेर. काही शिक्षक चिठ्ठीवर गटातल्या मुलांकडूनच मार्क वाटून घेतात, कोणी किती काम केलं ते. मी दोन वर्षं करून सोडून दिलं. मुलं एकतर मैत्रीत सगळ्यांना सारखे देतात नाहीतर वर्गात ज्याचं कोणाशी पटत नाही त्यालाच खाली ढकलतात, काम कोणी केलं त्याचा पत्ताच लागत नाही.

आणि मुलीला म्हणा, पुढच्या वर्षी ड्रिल मशीन आधी तू धर.

प्रश्न : सर, मुलं आता एआयकडून कोड लिहून आणतात. दिसायला एकदम टापटीप, इंग्रजीत कॉमेंट्स वगैरे. शून्य द्यायचे का?
(एक शिक्षक, चिपळूण)

उत्तर : शून्य देऊन पकडापकडीचा खेळ सुरू होईल आणि त्यात आपण हरणार, मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात यात. मी हल्ली तोंडीला कोडबद्दल विचारतच नाही, बदलायला लावतो. पाणी 10 सेंटिमीटरवर आलं की बझर वाजतोय ना, मग आता 15 वर वाजव. झालं? आता बझर सलग नको, तुटक वाजव. ज्याला कळलंय तो चूक करत का होईना पण हात घालतो. न कळलेला पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो आणि दहा मिनिटं नुसता स्क्रोल करतो. एआयकडून घेतलं असेल तर वहीत लिही, काय विचारलं आणि उत्तरातलं काय चुकलं ते, याला मार्क आहेत असं वर्गात सांगून टाकलंत तर लपवालपवीही बरीच कमी होते. एका मुलीने लिहिलं होतं, एआयने सेन्सरची पिन चुकीची सांगितली, आमची 7 वर होती. एका ओळीची नोंद, पण तिने ते तपासलं होतं.

प्रश्न : आमच्याकडे तोंडीच्या दिवशी हमखास लाईट जाते. मग प्रोजेक्ट चालतो की नाही हे ठरवायचं कसं?
(गुहागर)

उत्तर : अर्डुइनोला 5 व्होल्ट लागतात, मोबाइलच्या पॉवर बँकवर चालतं. फक्त एक गंमत लक्षात ठेवा, बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी ओढला गेला की फोन फुल झाला समजून अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होतात, आणि मुलांना वाटतं यंत्र बिघडलं. सोबत एखादा छोटा यूएसबी दिवा लावून ठेवला की पॉवर बँक जागी राहते. बसवलेल्या जागेवरचा, जेटीवरचा नाहीतर बावीवरचा, व्हिडिओ आधीच काढून ठेवायला सांगा, आणि त्यात त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिसू दे, म्हणजे तारीख कळते.